तांब्याचा तांब्या

गणेशोत्सव जवळ आला की घरोघरी ताम्हण, पळी, कलश आणि तांब्या चिंच लावून लख्ख घासले जातात. यांतील साध्या तांब्याला भारतीय डिझाइनच्या इतिहासात मानाचे पान आहे, हे आपल्यापैकी थोड्यांनाच ठाऊक असेल.

भारत सरकारच्या निमंत्रणावरून अमेरिकन डिझायनर दांपत्य चार्ल्स व रे ईम्स देशभर फिरले आणि १९५८ साली त्यांनी आपला अहवाल दिला. त्यात त्यांनी सर्वांत जास्त गौरवला तो आपला लोटा, म्हणजेच तांब्या. पाणी किती मावावे, रिकामा वा भरलेला असताना तोल कसा राहावा, हातात कसा बसावा, मोडीत किती किंमत यावी, अशा अनेक प्रश्नांची उत्तरे त्या एका आकारात आहेत आणि ती कुणा एकाने नव्हे, तर पिढ्यान्‌पिढ्यांनी शोधली, असे त्यांचे म्हणणे. या अहवालानंतर १९६१ मध्ये अहमदाबादला राष्ट्रीय डिझाइन संस्था उभी राहिली.

अशी भांडी घडवणारी आपली जुनी वस्ती म्हणजे पुण्याच्या कसबा पेठेतील तांबट आळी. तेथील मठारकाम, म्हणजे पत्र्यावर ओळीने मारलेले हातोडीचे ठोके, अनेकांना नुसती नक्षी वाटते. पण मऊ तांबे ठोक्यांनी कठीण होते व भांडे चेपत नाही. आम्हा रेल्वेवाल्यांना हे नवे नाही. रुळांचे मँगनीज पोलादाचे क्रॉसिंगही चाकांचे आघात सोसूनच कठीण होते. ठोकून फार कडक झालेले तांबे तांबट भट्टीत तापवून पुन्हा मऊ करतो आणि परत ठोकायला घेतो. यामागची विद्या त्याच्या मनगटात असते.

पुढे स्टेनलेस स्टील आले, प्लॅस्टिक आले, गॅसवर पाणी तापू लागले. घंगाळे व बंब अडगळीत गेले, कल्हईवाल्याची हाळीही दुर्मीळ झाली. तांबटांची मुले दुसऱ्या कामाला लागली. अलीकडे मात्र काही डिझायनर या कारागिरांसोबत बसून ट्रे, वाडगे, दिव्यांच्या शेड असे नवे घाट घडवत आहेत. ठोका तोच, वस्तू आजच्या घरातली.

मंडळी, कला संग्रहालयात जपली जाते, पण कारागीर जगतो तो गिऱ्हाइकावर. पुढच्या वेळी गावी जाल तेव्हा एखादे मठारलेले भांडे जरूर आणा, आणि ते शोकेसमध्ये न ठेवता रोज वापरा.