यंत्राची रोजकीर्द

समुद्रावर जहाजाचा वेग मोजण्यासाठी खलाशी दोरीला बांधलेले लाकूड पाण्यात सोडीत आणि येणारा आकडा वहीत टिपून ठेवीत. त्या लाकडाचे इंग्रजी नाव 'लॉग'. पुढे वहीलाही तेच नाव पडले. आज संगणक आपल्या कामाची जी क्षणोक्षणीची नोंद ठेवतो, तीही लॉगच होय.

१९६९ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत केन टॉम्प्सन व डेनिस रिची यांनी युनिक्स प्रणालीचा पाया घातला. १९८०च्या दशकात बर्कली विद्यापीठातील एरिक ऑलमन यांनी आपल्या 'सेंडमेल' या टपालव्यवस्थेसाठी 'सिसलॉग' रचला. अनेक कार्यक्रमांच्या नोंदी त्यामुळे जणू एकाच कारकुनाच्या हाती आल्या; नोंद कोणत्या खात्याची व किती निकडीची, हेही तिच्यासोबत लिहिले जाऊ लागले.

अशा नोंदींचे मोल १९८६ साली प्रत्ययास आले. बर्कलीच्या लॉरेन्स प्रयोगशाळेत संगणकाच्या हिशेबात अवघ्या ७५ सेंटांची तफावत निघाली. क्लिफर्ड स्टॉल यांनी तिचा माग काढला, तो थेट पश्चिम जर्मनीतील हॅनोव्हरपर्यंत पोहोचला. यंत्रात शिरलेला चोर यंत्रातील वहीही खोडू शकतो. स्टॉल यांनी मात्र मुद्रणयंत्रे जोडून त्याची प्रत्येक आज्ञा कागदावर उतरवून घेतली. ती पुसणे त्याच्या हाती नव्हते.

परंतु वही अखंड वाढत राहिली, तर चकती भरते आणि नोंद ठेवणारे यंत्रच अडून बसते. म्हणून फेरपालटाची रीत आली. चालू वहीला एक क्रमांक देऊन बाजूस ठेवावे, कालच्या वहीचा क्रमांक दोन करावा, जुन्या वह्या दाबून लहान कराव्यात आणि सर्वांत जुनी नष्ट करावी. लिनक्सवर 'लॉगरोटेट' हे काम करते. यात एक मेख आहे. युनिक्समध्ये फाइलची ओळख नावावर अवलंबून नसते. नाव बदलले तरी लिहिणारा कार्यक्रम जुन्याच वहीत लिहीत राहतो. नवी वही उघडण्याची खूण त्याला द्यावीच लागते.

काय राखावे आणि काय टाकावे, हा मात्र यंत्राचा नव्हे, माणसाचा निर्णय. भारतात सर्ट-इन या शासकीय संस्थेने २०२२ साली अशा नोंदी १८० दिवस जतन करण्याचा निर्देश दिला. चोरी पुष्कळदा उशिरा उघडकीस येते. आणि ज्या दिवसाचे पान फाडून टाकले, त्या दिवसाची साक्ष मग कोणीच देऊ शकत नाही.