धर्मशाळेतले औषध

१८९६ साली मुंबईत प्लेग शिरला. त्याच्याशी झुंजण्यासाठी जी प्रयोगशाळा निघाली, तीच पुढे परळची हाफकिन इन्स्टिट्यूट झाली. तेथे १९४० साली डॉ. साहिबसिंग सोखी आणि डॉ. भा. बा. दीक्षित यांनी प्लेग झालेल्या उंदरांना सल्फाथायाझोल हे सल्फा औषध देऊन पाहिले आणि गुण आला.

पण औषध पोटात गेले म्हणजे सगळेच कामाला लागते, असे नव्हे. नवरात्रातले तुळजापूर आठवा. काही यात्रेकरू धर्मशाळेत उतरलेले, काही दर्शनाच्या वाटेवर. औषधाचेही तसेच असते. काही कण रक्तातील अल्ब्युमिन नावाच्या प्रथिनाला चिकटून बसतात. मोकळे असतात तेवढेच रोगजंतूपर्यंत पोचतात. मोकळे सरले, की चिकटलेले सुटून वाटेला लागतात. सल्फा औषधांची ही गोष्ट अमेरिकेत बर्नार्ड डेव्हिस यांनी १९४२ साली मांडली.

आता हे मोजावयाचे कसे? एक रीत अगदी साधी आहे. सेलोफेनच्या पिशवीत रक्तद्रव भरून ती औषधाच्या पाण्यात बुडवून ठेवावयाची. चक्का टांगला म्हणजे पाणी गळते आणि चक्का फडक्यात राहतो ना? तसेच येथे औषध आरपार जाते, प्रथिन मात्र मोठे, ते आतच अडकते. काही तासांनी मोकळे औषध दोन्हीकडे सारखे होते. मग, समजा, पेलाभर पाण्यात बाहेर १० भाग औषध निघाले आणि तेवढ्याच रक्तद्रवात आत ४०. तर आतले ३० भाग प्रथिनाला बांधलेले.

हा हिशेब जिवाशी जाऊन भिडतो. १९५६ साली न्यूयॉर्कचे डॉ. विल्यम सिल्व्हरमन आणि त्यांचे सहकारी यांना आढळले, की अपुऱ्या दिवसांच्या ज्या बाळांना पेनिसिलिनबरोबर सल्फा औषध दिले होते, ती अधिक दगावली. कारण पुढे उलगडले. काविळीचे पिवळे द्रव्यही अल्ब्युमिनलाच चिकटून असते. सल्फाने त्याला जागेवरून उठविले आणि ते मोकळे द्रव्य बाळांच्या मेंदूत शिरले. धर्मशाळेत नवा पाहुणा आला आणि जुना रस्त्यावर पडला!

म्हणून डॉक्टर विचारतात, "दुसरे काही औषध चालू आहे का?" तो प्रश्न उगाच नसतो. गोळी असो की काढा, न लाजता सगळे सांगावे.