उघडं पान, कुलूपबंद अक्षर

आजचा इतिहास जेमतेम तीस-पस्तीस वर्षांचा आहे आणि त्यातली बरीचशी वर्षं मी स्वतः पाहिली आहेत. मी बडोद्यात राहतो आणि फ्रीलान्स वेब डिझायनर म्हणून पोट भरतो. ऑफिस नाही, साहेब नाही, महिन्याचा पगारही नाही. असा धंदा मुळात शक्य कसा झाला, आणि त्यात माझ्या हातून कोणती चूक झाली, हे आज सांगणार आहे.

१९९१ हे साल लक्षात ठेवा. त्या वर्षी तीन गोष्टी घडल्या. ऑगस्टमध्ये टिम बर्नर्स-ली यांनी वर्ल्ड वाइड वेब जगासमोर ठेवलं. त्याच वर्षी भारतात 'इस्की' हे भारतीय लिप्यांचं संगणकीय मानक ठरलं. आणि त्याच वर्षी जगातल्या सगळ्या लिप्यांना एका कोष्टकात बसवणाऱ्या युनिकोडची पहिली आवृत्ती निघाली. त्यातली देवनागरीची मांडणी इस्कीच्याच आधीच्या, १९८८ च्या रूपावर बेतलेली होती. म्हणजे वेबचं पान आणि त्यावर लिहायचं मराठी अक्षर, दोघांचीही तयारी एकाच वर्षी झाली होती. तरी दोघांची गाठ पडायला दहा वर्षं लागली.

आधी पानाचं पाहू. ३० एप्रिल १९९३ रोजी सर्न या संस्थेने जाहीर केलं, की वेबचं तंत्र कुणीही वापरावं, त्याचे पैसे लागणार नाहीत. माझ्यासारख्याचा धंदा या एका निर्णयावर उभा आहे. शिवाय कुठल्याही पानाचा कोड ब्राउझरमध्येच उघडून वाचता यायचा. भारतात १५ ऑगस्ट १९९५ ला विदेश संचार निगमने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं. काही वर्षांनी ते आमच्या गल्लीतल्या सायबर कॅफेत पोचलं, आणि तासाचे पैसे मोजून, दुसऱ्यांची पानं उलगडून पाहत मी हे काम शिकलो. पदवी कुणी विचारली नाही, परवानगीही घ्यावी लागली नाही.

अक्षराचं मात्र तसं नव्हतं. देवनागरीत वेलांटी, रफार, जोडाक्षरं यांची जुळणी करावी लागते. विंडोजमध्ये ती सोय विंडोज २००० पासून आली. सोबत 'मंगल' हा फॉन्ट आला, तो घडवला होता सुलेखनकार आणि मराठी कवी र. कृ. जोशी यांनी. पण घराघरांत अजून विंडोज ९८ होतं. मग सगळ्यांनी एक पळवाट धरली होती: इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी अक्षरांची चित्रं बसवायची. टाइपरायटरच्या मांडणीच्या फॉन्टात तुम्ही 'मराठी' लिहिलंत, तर पडद्यावर 'मराठी' दिसायचं, पण फाइलीत साठायची ती ई, जे, के, बी आणि एच ही इंग्रजी अक्षरं. तो फॉन्ट ज्याच्याकडे नाही, त्याच्यासाठी सगळा मजकूर म्हणजे अगम्य भेंडोळं. प्रत्येक कंपनीची मांडणी वेगळी. वाचकाकडे फॉन्ट आपोआप पोचवायची युक्ती १९९७ च्या सुमारास निघाली, पण नेटस्केपची पद्धत वेगळी आणि इंटरनेट एक्सप्लोररची वेगळी.

माझी चूक इथलीच आहे. २००१ मध्ये मला एका मराठी वाचनालयाचं काम मिळालं. त्यांनी जुन्या सभासदांकडून आठवणी लिहून घेतल्या होत्या. कुणी कोकणातून नोकरीसाठी आलेलं, कुणी लग्न होऊन आलेलं. मी त्या जुन्या पद्धतीच्या फॉन्टात टंकल्या आणि साइट उभी केली. युनिकोडबद्दल मी तेव्हा वाचलं होतं, पण ते शिकायचा कंटाळा केला. आणि खरं सांगायचं तर दुसरंही एक कारण होतं. फॉन्ट माझ्याकडे, साइटचं नाव माझ्या खात्यावर. एक ओळ बदलायची तरी त्यांना माझ्याकडेच यावं लागे. फ्रीलान्सरला पुढच्या महिन्याची खात्री नसते. ते कुलूप मला सोयीचं होतं.

२०१२ मध्ये वाचनालयाला नवी साइट हवी होती. तोवर मराठी विकिपीडियाला नऊ वर्षं झाली होती आणि सगळीकडे युनिकोड रुळलं होतं. जुन्या फाइली उघडल्या, तर माझंच काम मला वाचता येईना. हस्तलिखितं टंकून झाल्यावर रद्दीत गेली होती. लिहिणाऱ्यांपैकी बहुतेक जण हयात नव्हते.

मी अक्षराला अक्षर लावून कोष्टक बनवलं. पण नुसतं अक्षर बदलून भागत नाही. जुन्या फॉन्टात ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या आधी टंकतात, युनिकोडमध्ये ती नंतर साठते. रफाराचं नेमकं उलट. ते जमलं. जे जमलं नाही ते असं: फाइली एका संगणकावरून दुसऱ्यावर जाताना काही जोडाक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हं आली होती. नेहमीचे शब्द संदर्भावरून भरता आले. विशेषनामं कशी भरणार? एका आजींनी आपल्या माहेरच्या गावाचं नाव लिहिलं होतं. त्यातलं मधलं अक्षर गेलं. मी त्यांच्या नातवाला फोन केला. तो म्हणाला, "काका, ते गाव आम्ही कुणीच पाहिलेलं नाही. नावही आजीच्याच तोंडी असायचं."

त्या कामाचे पैसे मी घेतले नाहीत. घेणार तरी कसे?

तेव्हापासून मी गिऱ्हाइकाला तीन गोष्टी पहिल्याच दिवशी लिहून देतो. साइटचं नाव तुमच्या खात्यावर असेल. मजकूर युनिकोडमध्येच असेल आणि त्याची प्रत तुमच्याकडे राहील. उद्या मी नसलो, तरी दुसरा कुणीही हे काम पुढे नेऊ शकेल. यामुळे काही गिऱ्हाइकं गेली, हे खरं. पण जी राहिली ती अडकली म्हणून राहिलेली नाहीत. आज मुंबईच्या एक टाइपचे 'मुक्त', 'बलू' असे सुंदर फॉन्ट फुकट मिळतात. सबब सांगायला आता जागा उरलेली नाही.

तुमच्या मंडळाच्या, शाळेच्या, घराच्या जुन्या संगणकात अशा फाइली असतील, तर या आठवड्यात उघडून पाहा. टंकणारा माणूस आहे तोवर विचारून घ्या.

वाचनालयाच्या साइटवर त्या आजींच्या गावाच्या नावात अजून प्रश्नचिन्ह आहे. अंदाजाने भरायचं नाही, असं ठरवून मी ते तसंच ठेवलं आहे.