सुलतानाचे स्वप्न आणि काळोखी मोटार

(१) १९०५ साली मद्रासच्या ‘इंडियन लेडीज मॅगझिन’मध्ये एक इंग्रजी कथा प्रसिद्ध झाली. तिच्यातल्या देशात स्वयंपाकघरात धूर नाही, कारण अन्न सूर्याच्या उष्णतेवर शिजते. पाणी थेट ढगांतून उतरवून घेतले जाते. लोक हवेतून जाणाऱ्या गाडीने प्रवास करतात. आणि पुरुष पडद्यात राहतात. कथेचे नाव ‘सुलतानाज ड्रीम’, लेखिका बेगम रोकेया.

(२) रोकेया यांचा जन्म १८८० साली रंगपूर जिल्ह्यातील पायराबंद (आजचा बांगलादेश) येथे एका जमीनदार घराण्यात झाला. घरातील मुलींना शाळेची वाट बंद होती. थोरल्या भावाने रात्री, घर निजल्यावर, त्यांना इंग्रजी शिकवले. पुढे भागलपूरचे डेप्युटी मॅजिस्ट्रेट सखावत हुसेन यांच्याशी त्यांचा विवाह झाला. पतीने त्यांच्या लेखनाला प्रोत्साहनच दिले.

(३) ही कथा बहुधा ‘पुरुष कोंडले, स्त्रिया मोकळ्या’ या उलटापालटीसाठी आठवली जाते. त्या विनोदामागे एक नेमका युक्तिवाद आहे. पडद्याचे समर्थन स्त्रियांच्या सुरक्षिततेच्या नावाने होई. रोकेया विचारतात : धोका ज्यांच्यापासून आहे ते मोकळे आणि निरुपद्रवी मात्र कोंडलेले, हा कोणता न्याय? वेड्यांना रस्त्यावर सोडून शहाण्यांना वेड्यांच्या इस्पितळात ठेवावे, तसाच हा प्रकार.

(४) परंतु हा देश घडला कसा? कथेतला क्रम लक्षात घ्या. प्रथम राणीचा हुकूम निघतो : सर्व स्त्रियांना शिक्षण, आणि २१ वर्षांच्या आत विवाह नाही. मग मुलींच्या शाळा, मग स्त्रियांची दोन विद्यापीठे, आणि शोध त्यानंतर. पुरुष त्या काळात लष्करी सामर्थ्य वाढवण्यात गुंतलेले असतात आणि या संशोधनाला हसतात.

(५) पुढे युद्ध होते. पुरुषांचे सैन्य हरते. तेव्हा एक प्राचार्या आपल्या २,००० विद्यार्थिनींसह रणांगणावर जाते आणि सूर्याची साठवलेली उष्णता व किरण शत्रूवर सोडते. शत्रू पळ काढतो. देश वाचतो तो प्रयोगशाळेमुळे, तोफखान्यामुळे नव्हे.

(६) आता ‘२१ वर्षे’ हा आकडा त्याच्या काळात ठेवून पाहू. १८९१च्या संमतिवयाच्या कायद्याने मुलीसाठी शरीरसंबंधाचे किमान वय १० वरून १२ केले, आणि तेवढ्यावरून पुण्यापासून कलकत्त्यापर्यंत वादळ उठले. लोकमान्य टिळक या कायद्याच्या विरोधात उभे होते. विवाहाची वयोमर्यादा पुढे १९२९च्या शारदा कायद्याने आली, तीही मुलींसाठी १४ वर्षे. मुलींसाठी १८ व्हायला १९७८ उजाडावे लागले.

(७) स्त्रियांचे विद्यापीठही तेव्हा कल्पनेतच होते. महर्षी कर्वे यांनी भारतातले पहिले महिला विद्यापीठ १९१६ साली पुण्यात स्थापन केले. कथेच्या प्रकाशनानंतर तब्बल ११ वर्षांनी.

(८) १९०९ साली सखावत यांचे निधन झाले. त्याच वर्षी रोकेया यांनी भागलपुरात ५ मुलींची शाळा काढली. ती तेथे टिकली नाही. १९११ साली कलकत्त्यात ८ मुलींना घेऊन त्यांनी ती पुन्हा उभी केली : सखावत मेमोरियल गर्ल्स स्कूल. कथेतल्या राणीने हुकमाने जे केले, ते त्यांनी घरोघरी विनवण्या करून केले.

(९) ‘अवरोधबासिनी’ (१९३१) या पुस्तकात त्यांनी पडद्याचे ४७ खरे प्रसंग नोंदवले. शेवटचा शाळेच्या मोटारीचा आहे. पडदा सांभाळण्यासाठी ती चहूबाजूंनी इतकी बंद केली होती की आत मुलींना भोवळ येई, उलट्या होत. मग बाजू उघडून पडदे लावले, तर ते वाऱ्याने हलतात म्हणून धमकीची पत्रे आली! हवेतल्या गाडीची कल्पना करणाऱ्या लेखिकेला मुली शाळेत आणायच्या तर काळोखी मोटार चालवावी लागत होती.

(१०) कथेतल्या देशात भिंती शिल्लकच आहेत, आतले रहिवासी तेवढे बदलले आहेत, हा आक्षेप रास्त आहे. पण रोकेया यांनी आयुष्यभर कोणालाही कोंडण्याचा खटाटोप केला नाही. १९३२ साली मृत्यू येईपर्यंत त्यांनी त्या स्वप्नातली पहिली पायरी तेवढी उचलली : मुलींची शाळा.

(११) कथा एका बैठकीत वाचून होते. ती वाचाल तेव्हा ‘अवरोधबासिनी’ शेजारी ठेवा. स्वप्न कोणत्या खोलीत बसून पाहिले होते, ते त्याशिवाय कळत नाही.