मणक्यातील कृत्रिम चकती, वृत्तपत्रे आणि रुग्णांची दृष्टी : एक ऐतिहासिक आढावा (विशेष संदर्भ : बजाजनगर, वाळूज)

प्रस्तावना

कंबरदुखी हा श्रमिक जीवनातील जुना विकार आहे. शेतात ओणव्याने करावयाची कामे, यंत्रासमोर तासन्‌तास उभे राहणे, वजन उचलणे आणि खराब रस्त्यांवरून दुचाकीने रोजची ये-जा करणे यांमुळे कमरेच्या मणक्यांवर ताण पडतो. मराठी माणूस या दुखण्याचे वर्णन 'गादी सरकली', 'मणक्यात गॅप पडला' अशा शब्दांत करतो. शस्त्रक्रियेचा विषय निघाला की 'पाठीच्या ऑपरेशनने माणूस आडवा होतो' ही भीतीही त्याच्या बोलण्यातून व्यक्त होते. एका बाजूला अशी भीती आणि दुसऱ्या बाजूला 'नवी चकती बसवा आणि पुन्हा चालू लागा' असे आश्वासन देणारी बातमी, या दोहोंच्या मध्ये रुग्णाला निर्णय घ्यावा लागतो. त्यामुळे कृत्रिम चकतीविषयी काय छापून आले याइतकाच, जे छापून आले त्याकडे रुग्ण कोणत्या दृष्टीने पाहतो, हा प्रश्नही इतिहासाच्या अभ्यासकाने विचारात घेणे आवश्यक ठरते.

उद्दिष्टे व पद्धती

प्रस्तुत लेखाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत : (१) मणक्यातील कृत्रिम चकतीच्या शस्त्रक्रियेचा इतिहास थोडक्यात मांडणे; (२) या शस्त्रक्रियेच्या वृत्तांकनाचे स्वरूप व मर्यादा तपासणे; (३) शरीरात बसविलेल्या उपकरणांविषयी महाराष्ट्रातील व भारतातील रुग्णांनी जाहीरपणे मांडलेल्या भूमिकेच्या आधारे रुग्णांच्या अपेक्षा स्पष्ट करणे. लेखासाठी ऐतिहासिक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला असून बजाजनगर ही कामगार वसाहत वाचकवर्गाचे उदाहरण म्हणून घेतली आहे.

बजाजनगर : कामगार, रुग्णालये आणि वृत्तपत्रे

औरंगाबाद (२०२३ पासून छत्रपती संभाजीनगर) शहराच्या पश्चिमेस वाळूज औद्योगिक वसाहत आहे. ५ नोव्हेंबर १९८५ रोजी तत्कालीन राष्ट्रपती ग्यानी झैलसिंग यांच्या हस्ते बजाज ऑटोच्या वाळूज कारखान्याचे उद्‌घाटन झाले आणि या परिसराचा चेहरामोहरा बदलला. मोठ्या कारखान्याबरोबर सुटे भाग तयार करणारे लहान उद्योग आले. मराठवाडा, विदर्भ व खानदेशातून कामासाठी आलेल्या कुटुंबांची वस्ती बजाजनगर, पंढरपूर, वडगाव कोल्हाटी, रांजणगाव शेणपुंजी या भागांत वाढत गेली. कायम कामगारापाठोपाठ कंत्राटी कामगारांचाही मोठा वर्ग निर्माण झाला.

याच काळात शहरातील वैद्यकीय सुविधांचा विस्तार झाला. १९५६ मध्ये स्थापन झालेले शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, म्हणजेच सर्वांच्या परिचयाची 'घाटी', हा गरिबांचा मुख्य आधार होता. १९८९ मध्ये डॉ. हेडगेवार रुग्णालय आणि १९९० मध्ये कमलनयन बजाज रुग्णालय सुरू झाले. विमाधारक कामगारांसाठी राज्य कामगार विमा योजनेचे रुग्णालय चिकलठाण्यास, म्हणजे वाळूजच्या नेमक्या विरुद्ध टोकाला होते.

वृत्तपत्रांचा विस्तारही याच सुमारास झाला. दैनिक 'मराठवाडा'ची परंपरा असलेल्या या शहरात १९८२ मध्ये 'लोकमत'ची आवृत्ती आणि २०११ मध्ये 'दिव्य मराठी' सुरू झाले. स्थानिक पानांवर 'वाळूज महानगर' परिसराच्या बातम्यांना जागा मिळू लागली आणि आरोग्यविषयक मजकूर पुरवण्यांमधून नियमितपणे येऊ लागला. कारखान्याच्या कँटीनमध्ये, चहाच्या टपरीवर किंवा डॉक्टरांच्या प्रतीक्षा कक्षात एकच अंक अनेकांच्या हातून फिरतो. वैद्यकीय नियतकालिके ज्याच्यापर्यंत पोहोचत नाहीत अशा कामगाराला नव्या उपचाराची पहिली ओळख या अंकातून होते. म्हणून या वाचकाच्या बाबतीत बातमीची जबाबदारी अधिक आहे.

कृत्रिम चकतीचा प्रवास

दोन मणक्यांमधील झिजलेली चकती काढून तेथे कृत्रिम चकती बसविण्याची कल्पना नवी नाही. स्वीडनचे शल्यचिकित्सक उल्फ फर्नस्ट्रॉम यांनी १९६० च्या दशकात मणक्यांच्या मध्ये पोलादी गोळी बसविण्याचा प्रयोग केला. परंतु गोळी हाडात रुतण्याचे प्रकार घडल्याने ती पद्धत मागे पडली. पुढचा महत्त्वाचा टप्पा पूर्व बर्लिनमधील शारिटे रुग्णालयात गाठला गेला. तेथे कुर्ट शेलनाक आणि कारिन ब्यूटनर-यान्झ यांनी तयार केलेली चकती १९८४ मध्ये प्रथम रुग्णाच्या शरीरात बसविण्यात आली. ब्यूटनर-यान्झ या १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये दोन सुवर्णपदके मिळविणाऱ्या जिम्नॅस्ट होत्या. चकतीच्या सुरुवातीच्या आवृत्त्यांत दोष आढळले व १९८७ मध्ये तिसरी सुधारित आवृत्ती आली. फ्रान्समध्ये थिएरी मार्ने यांनी 'प्रोडिस्क' या दुसऱ्या प्रकाराचा वापर १९९० मध्ये सुरू केला.

अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने शारिटे चकतीस ऑक्टोबर २००४ मध्ये आणि कमरेच्या मणक्यासाठीच्या प्रोडिस्कला ऑगस्ट २००६ मध्ये मान्यता दिली. शारिटेची मान्यता १४ केंद्रांतील ३०४ रुग्णांच्या चाचणीवर आधारित होती. त्यांपैकी २०५ रुग्णांना चकती बसविण्यात आली, तर ९९ रुग्णांवर मणके जोडण्याची प्रचलित शस्त्रक्रिया करण्यात आली. पाठपुरावा दोन वर्षांचा होता आणि नवी पद्धत जुनीपेक्षा कमी प्रतीची नाही, एवढेच त्यातून सिद्ध झाले. मे २००६ मध्ये अमेरिकेच्या शासकीय 'मेडिकेअर' विमा योजनेने साठ वर्षांवरील रुग्णांसाठी या चकतीचा खर्च देण्यास नकार दिला आणि २००७ मध्ये हा निर्णय कमरेच्या सर्व कृत्रिम चकत्यांना लागू केला. पुढे शारिटे चकती बाजारातून मागे पडली. मानेच्या मणक्यांसाठीच्या चकत्यांचे निष्कर्ष मात्र अधिक आशादायक ठरले. निवडक रुग्णांसाठी ही शस्त्रक्रिया आजही उपयुक्त मानली जाते. परंतु ती सर्वांसाठी नाही.

येथे एक भेद लक्षात घेणे आवश्यक आहे. ज्याला सामान्यतः 'गादी सरकणे' म्हणतात, त्या विकारात चकतीचा भाग बाहेर येऊन मज्जातंतूवर दाब पडतो. यातील बहुसंख्य रुग्ण काही आठवड्यांत वा महिन्यांत शस्त्रक्रियेविना सुधारतात आणि शस्त्रक्रिया करावी लागलीच तर बाहेर आलेला भागच काढला जातो. कमरेतील संपूर्ण चकती बदलण्याचा विचार प्रामुख्याने झिजलेल्या चकतीमुळे दीर्घकाळ दुखणाऱ्या, अन्य उपचारांनी आराम न पडलेल्या रुग्णांसाठी केला जातो. बातमीत हा भेद स्पष्ट केला गेला नाही, तर पायात कळ येणारा प्रत्येक वाचक तो उपचार स्वतःसाठीच आहे असे समजतो.

वृत्तांकनाचे स्वरूप

भारतातील मोठ्या शहरांतील खासगी रुग्णालयांत कृत्रिम चकतीच्या शस्त्रक्रिया होऊ लागल्यानंतर त्यांच्या बातम्याही येऊ लागल्या. अशा बातमीची एक ठरावीक रचना असते. 'पहिली', 'दुर्मिळ' किंवा 'यशस्वी' हे विशेषण मथळ्यात येते. त्यानंतर रुग्णाच्या वेदनांचे वर्णन, डॉक्टरांच्या चमूची नावे आणि शेवटी रुग्ण दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी चालू लागल्याची नोंद येते. रुग्णाचे बोलणे आभारापुरते असते. खर्च, धोके, पर्यायी उपचार आणि शस्त्रक्रियेनंतर पाच वर्षांनी काय झाले, या बाबी अपवादानेच आढळतात.

हा दोष केवळ मराठी वृत्तपत्रांचा नाही. अमेरिकेतील वृत्तपत्रे व दूरचित्रवाणीवरील औषधविषयक २०७ बातम्यांचा एक अभ्यास २००० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात दुष्परिणामांचा उल्लेख ४७ टक्के आणि खर्चाचा उल्लेख अवघ्या ३० टक्के बातम्यांत आढळला. चकतीच्या बाबतीत मात्र वृत्तपत्राने दुसरी भूमिकाही बजावली. जानेवारी २००८ मध्ये 'न्यूयॉर्क टाइम्स'ने प्रोडिस्कच्या चाचणीतील १७ केंद्रांपैकी सुमारे निम्म्या केंद्रांतील डॉक्टरांचे त्या उपकरणात आर्थिक हितसंबंध असल्याचे उघड केले. नव्या उपकरणाचे कौतुक आणि त्याची चौकशी अशा दोन्ही गोष्टी वृत्तपत्रांतूनच झाल्या, हे यावरून दिसते.

भारतात या संदर्भात नियम होते. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या विनियमांनुसार, ज्यामुळे स्वतःची जाहिरात होईल अशा प्रकारे रोग व उपचारांविषयी लेख लिहिणे वा मुलाखती देणे डॉक्टरांना निषिद्ध होते. सार्वजनिक आरोग्याविषयी स्वतःच्या नावाने लिहिण्यास मात्र मुभा होती. लोकशिक्षण कोठे संपते आणि जाहिरात कोठे सुरू होते, ही रेषा नियमात आखलेली असली तरी छापील पानावर ती पुसट होते. ती ओळखण्याचे काम शेवटी वाचकावर, म्हणजे रुग्णावर येऊन पडते.

रुग्णांचा आवाज : खुब्याच्या सांध्याचे प्रकरण

कृत्रिम चकतीच्या भारतीय रुग्णांनी संघटितपणे भूमिका मांडल्याचे ठळक उदाहरण नसले, तरी शरीरात बसविलेल्या दुसऱ्या एका उपकरणाच्या बाबतीत ते घडले आणि त्याचा महाराष्ट्राशी निकटचा संबंध आहे. जॉन्सन अँड जॉन्सन समूहातील डेप्यू कंपनीचा 'एएसआर' हा खुब्याचा कृत्रिम सांधा ऑगस्ट २०१० मध्ये जगभरातून परत मागविण्यात आला. धातूवर धातू घासून कोबाल्ट व क्रोमियमचे कण रक्तात मिसळणे आणि पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागणे, ही त्यामागील कारणे होती. शारिटे चकतीही याच कंपनी समूहाने अमेरिकेच्या बाजारात आणली होती.

भारतात सुमारे ४,७०० शस्त्रक्रियांत हा सांधा वापरला गेला होता. महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने या प्रकरणी मुंबईत पोलिसांकडे तक्रार केली. तरीही बहुसंख्य रुग्णांचा ठावठिकाणा लागला नाही. केंद्र शासनाने २०१७ मध्ये डॉ. अरुणकुमार अगरवाल यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. समितीने फेब्रुवारी २०१८ मध्ये अहवाल दिला, परंतु तो लोकांसमोर आला त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये. समितीने किमान २० लाख रुपये भरपाईची शिफारस केली होती. नोव्हेंबर २०१८ मध्ये जाहीर झालेल्या सूत्रानुसार ही रक्कम ३० लाखांपासून सुमारे १ कोटी २३ लाखांपर्यंत ठरविण्यात आली.

या काळात मुंबईसह देशातील रुग्णांनी वृत्तपत्रांतून उघडपणे मांडलेले मुद्दे प्रस्तुत विषयासाठी मोलाचे आहेत. उपकरण परत मागविल्याचे आपणास वेळेवर कोणी कळविले नाही, ही त्यांची पहिली तक्रार होती. भरपाईचे सूत्र ठरविताना रुग्णांना विचारले गेले नाही, ही दुसरी. नोव्हेंबर २०१८ मध्ये विविध देशांतील पत्रकारांनी वैद्यकीय उपकरणांविषयी संयुक्त शोधवृत्तमाला प्रसिद्ध केली आणि भारतात 'इंडियन एक्सप्रेस' तीत सहभागी झाले. त्या वेळी रुग्ण प्रथमच 'यशोगाथेतील पात्र' न राहता माहितीचा स्रोत म्हणून वाचकांपुढे आला. वैद्यकीय उपकरणांचे नियम १ जानेवारी २०१८ पासून लागू झालेच होते. १ एप्रिल २०२० पासून सर्व वैद्यकीय उपकरणे औषधविषयक कायद्याच्या कक्षेत आणण्यात आली. हे बदल केवळ वृत्तपत्रांमुळे घडले असे म्हणता येणार नाही. मात्र त्यांसाठीचे जनमत घडविण्यात रुग्णांच्या कथनाचा वाटा नाकारता येत नाही.

बातमीकडून रुग्णाची अपेक्षा

या इतिहासावरून एक गोष्ट स्पष्ट होते. बातमी शस्त्रक्रियेच्या आठवड्यात संपते. रुग्णाचे उपकरणाशी असलेले नाते त्या आठवड्यात सुरू होते. रुग्णाचा रोष कौतुकावर नसून पाठपुराव्याच्या अभावावर आहे. बजाजनगरमधील तिशी-चाळिशीतील कामगाराला चकती बसविली, तर त्याला तिच्यासह पुढील तीन-चार दशके जगावयाचे असते. तो पुन्हा पाळीवर उभा राहू शकेल काय, किती वजन उचलू शकेल, कंत्राटदार त्याला परत घेईल काय, खर्च कामगार विमा किंवा शासकीय योजनेतून मिळेल काय आणि चकती निकामी झाल्यास दुसऱ्या शस्त्रक्रियेचा भार कोण उचलेल, हे त्याचे प्रश्न आहेत. दोन वर्षांच्या पाठपुराव्यावर आधारलेले यश त्याला पुरेसे वाटत नाही आणि ते तसे वाटू नये हेच योग्य आहे.

भीती पसरविणारे वृत्तांकनही रुग्णाच्या हिताचे नसते. 'मणक्याचे ऑपरेशन म्हणजे अपंगत्व' हा समज दृढ झाल्यास, ज्याला शस्त्रक्रियेची तातडीने गरज आहे असा रुग्णही ती टाळतो. पायांतील शक्ती झपाट्याने कमी होणे किंवा लघवी-शौचावरील नियंत्रण जाणे ही तातडीच्या उपचाराची लक्षणे आहेत, ही साधी माहिती विक्रमी शस्त्रक्रियेच्या वृत्तापेक्षा अधिक जणांना उपयोगी पडते.

निष्कर्ष

१. कृत्रिम चकतीचा इतिहास हा सलग यशाचा नसून प्रयोग, दोष, सुधारणा आणि मर्यादित उपयुक्तता यांचा आहे. वृत्तांकनात यांपैकी यशाचा भागच प्रामुख्याने आला.

२. वृत्तांकनात रुग्णाला वेदना व कृतज्ञता यांपुरते स्थान मिळाले. एएसआर प्रकरणात रुग्ण स्वतः बोलू लागल्यावर उपकरणांच्या सुरक्षिततेचा प्रश्न सार्वजनिक झाला.

३. उपकरणाचे नाव, खर्च, पर्याय, धोके, डॉक्टरांचे हितसंबंध आणि दीर्घकालीन पाठपुरावा यांची नोंद ही रुग्णांच्या दृष्टीने बातमीची किमान गरज आहे. आपल्या शरीरात कोणते उपकरण बसविले त्याची लेखी नोंद रुग्णाने जपून ठेवावी, हेही वृत्तपत्रांनी सांगणे आवश्यक आहे. एएसआरच्या अनेक रुग्णांचा शोध लागू शकला नाही, हा या बाबतीतील महत्त्वाचा धडा आहे.

४. वाळूजसारख्या औद्योगिक परिसरात स्थानिक वृत्तपत्र हेच आरोग्यशिक्षणाचे प्रमुख साधन ठरते. ज्या रुग्णाची शस्त्रक्रिया 'यशस्वी' म्हणून छापली, त्याच्याकडे पाच वर्षांनी पुन्हा जाऊन तो कामावर आहे की घरी, एवढे जरी वृत्तपत्राने विचारले, तरी पुढच्या रुग्णाचा निर्णय अधिक डोळसपणे होईल.