लुकलुकणारा पडदा आणि एका कार्डाची गोष्ट #धागा

२३ जुलै १९८५. न्यूयॉर्कच्या लिंकन सेंटरमध्ये कमोडोर कंपनीने ‘अमिगा’ हा संगणक सादर केला. मंचावर चित्रकार अँडी वॉरहॉल यांनी गायिका डेबी हॅरी यांचे चित्र या यंत्रावर रंगवले. ४०९६ रंगांचा हा संगणक पाहून प्रेक्षक थक्क झाले असल्यास नवल नाही. मात्र बारीक अक्षरांसाठी अधिक ओळींची स्थिती निवडताच त्याचा पडदा लुकलुकू लागे.

हा बिघाड नव्हता. जे मायनर यांच्या चमूने अमिगाचा संदेश दूरचित्रवाणीच्या मापाने बेतला होता: सेकंदाला सुमारे १५,७०० आडव्या ओळी. अमेरिकेत त्यातून २०० ओळींचे स्थिर चित्र मिळे. ४०० ओळी हव्या असल्यास एका फेरीत विषम ओळी रंगवायच्या, पुढच्या फेरीत सम. यालाच इंटरलेस म्हणतात. परिणामी प्रत्येक ओळ सेकंदाला ३० वेळाच उजळे. युरोपच्या (आणि आपल्याही) पाल पद्धतीत तर २५ वेळा.

दूरचित्रवाणीवर हे खुपत नसे, कारण कॅमेऱ्यातून आलेल्या चित्रात शेजारच्या ओळी बहुधा मिळत्याजुळत्या असतात. संगणकाच्या खिडकीची कडा मात्र एकाच ओळीची, पांढऱ्यावर काळी. ती ठळकपणे थरथरे. लोक फिकट, जवळजवळचे रंग निवडून वेळ मारून नेत. दिवसभर हिशेब किंवा पत्रे लिहिणाऱ्याने असे यंत्र का घ्यावे? १९८७ साली आयबीएमने व्हीजीए आणले; त्यात ४८० ओळींचे चित्र इंटरलेसशिवाय, सेकंदाला ६० वेळा उमटे.

त्याच वर्षीच्या अमिगा २००० मध्ये एक व्हिडिओ स्लॉट होता. मायक्रोवे या अमेरिकी कंपनीने त्यात बसणारे ‘फ्लिकर फिक्सर’ कार्ड काढले. युक्ती सरळ होती: दोन्ही फेऱ्यांच्या ओळी कार्डावरील स्मृतीत साठवायच्या आणि संपूर्ण चित्र दुप्पट वेगाने, सुमारे ३१ किलोहर्ट्झवर, व्हीजीए पद्धतीच्या मॉनिटरकडे धाडायचे. थरथर थांबली. मात्र दोन फेऱ्या वेगवेगळ्या क्षणांच्या असल्याने वेगाने सरकणाऱ्या आकृतीच्या कडा कंगव्याच्या दातांसारख्या दिसत. १९९० च्या अमिगा ३००० मध्ये कमोडोरने ‘अंबर’ चिपच्या रूपाने हीच सोय मुख्य बोर्डावर दिली.

मला यातला खरा पेच पुढे दिसतो. १९९० सालीच न्यूटेकचे ‘व्हिडिओ टोस्टर’ आले. त्याने अमिगा २००० ला दूरचित्रवाणीच्या स्टुडिओत नेले. ‘बॅबिलॉन ५’ च्या पहिल्या भागातील अंतराळयानेही या जोडीवर घडली. हे शक्य झाले ते अमिगाची चाल दूरचित्रवाणीशी जुळलेली होती म्हणूनच! कार्यालयात डोळ्यांना शीण देणारा गुण स्टुडिओत भांडवल ठरला. आणि टोस्टरलाही तोच व्हिडिओ स्लॉट लागे.

१९९२ च्या अमिगा ४००० मधून कमोडोरने अंबर वगळली. नव्या चिप स्वतःच ३१ किलोहर्ट्झचे चित्र देत, पण जुने खेळ १५ वरच अडलेले. २९ एप्रिल १९९४ रोजी कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली.

आजचे बहुतेक सपाट मॉनिटर १५ किलोहर्ट्झचा संदेश ओळखतच नाहीत, म्हणून जर्मनीत ‘इंडिव्हिजन’ ही नवी कार्डे तयार झाली. अमिगा २००० मधील ‘डेनिस’ ही चित्र-चिप उचलायची, तिच्या जागी कार्ड बसवायचे आणि डेनिस पुन्हा त्या कार्डावर खोवायची. ती आजही १५ किलोहर्ट्झनेच ओळी काढते.