नीरा खोऱ्यातली पांढरी माती

1910 साली मुंबई इलाख्याच्या शेतकी खात्याने नीरा खोऱ्यातल्या क्षारपड जमिनींवर एक पुस्तिका काढली. लेखक हॅरल्ड मान आणि व्ही. ए. ताम्हणे. मान तेव्हा पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्राचार्य होते. नीरा डाव्या कालव्याला पाणी सुटून जेमतेम पंचवीस वर्षे झाली होती. ज्या पाटाने बारामती-इंदापूरच्या दुष्काळी पट्ट्यात ऊस आणला, त्यानेच भूजल वर चढवले. भारी काळ्या रानात निचरा कमी. पाणी उन्हाने उडते, क्षार वर राहतात.

आज हेच रान प्रकाशाने तपासता येते. वाळवून चाळलेल्या मातीवर प्रकाश टाकायचा आणि 350 ते 2500 नॅनोमीटरमध्ये कोणती लांबी किती परावर्तित झाली ते मोजायचे. 1400 आणि 1900 च्या आसपास पाणी प्रकाश शोषते, 2200 जवळ चिकणमातीची खनिजे. रंगावरून जमीन ओळखणे आपल्याला नवे नाही. पण रंग फसवतो. आपल्या काळ्या मातीत सेंद्रिय कर्ब बहुधा एक टक्क्याहूनही कमी असतो!

मुख्य अडचण मिठाची आहे. शुद्ध मिठाची या पट्ट्यात स्वतःची खूण जवळजवळ नाहीच. उपकरण ते मातीतल्या इतर बदलांवरून ताडते, म्हणून आधी त्याच भागातले नमुने प्रयोगशाळेत तपासून त्याला शिकवावे लागते. परक्या जिल्ह्याच्या मातीवर शिकलेल्या यंत्रावर मी तरी विसंबणार नाही. ज्योतीत मात्र सोडियम लपत नाही. मिठाचे पाणी उतू गेले की चुलीची ज्योत पिवळी होते. फ्लेम फोटोमीटर तोच 589 नॅनोमीटरचा पिवळा प्रकाश मोजतो.

हा फरक शेतकऱ्याच्या खिशाला लागतो. खारवट जमिनीला निचरा आणि गोडे पाणी लागते. चोपण जमिनीत, म्हणजे विनिमययोग्य सोडियम 15 टक्क्यांवर गेला की, जिप्सम घालावे लागते आणि निचराही हवाच. निदान चुकले तर जिप्समचा पैसा मातीत.

गेल्या उन्हाळ्यात इंदापूरकडच्या एका रानात नमुना घेत होतो. पांढरा थर आलेल्या जागेची माती वेगळ्या पिशवीत भरायची, बाकी रानात मिसळायची नाही, हे मी मालकांना सांगत होतो. त्यांनी चिमूटभर माती जिभेवर ठेवली, थुंकली. म्हणाले, "आमच्या वडलांनी ह्या तुकड्यात ऊस काढलाय." तुकडा दहा गुंठ्यांचा असेल. त्यावर आता नुसती वेडी बाभळ होती.